इंटरसेप्टर ६५०: स्लिप-ऑन आणि फिल्टर बदलले, आता ट्यूनर कसा निवडायचा?

ताम्हिणी_ट्विन
गाडी: रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० (दोन सिलिंडर), बीएस६, १४,००० किमी. दोन्ही बाजूंना शॉर्ट स्लिप-ऑन (मूळ पाइपावर सरकवून बसवायचे सायलेन्सर), जास्त हवा सोडणारा हाय-फ्लो एअर फिल्टर. ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) स्टॉक, म्हणजे कंपनीचाच.
त्रास: २,५०० ते ३,२०० आरपीएमला थ्रॉटल स्थिर धरला की गाडी हिसके देते, सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट. प्लग पांढरट, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असावं.
पर्याय: १) तयार मॅपवालं (मॅप म्हणजे कधी किती पेट्रोल याचा तक्ता) पिगीबॅक, म्हणजे ईसीयूला जोडायचा वेगळा डबा, २) ईसीयू कुरियरने पाठवून फ्लॅश, म्हणजे आतलाच मॅप बदलणं, ३) इथेच पुण्यात डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) कस्टम ट्यून. तिसऱ्याचा खर्च पहिल्या दोन्हींच्या बेरजेएवढा. ट्यूनरला, म्हणजे मॅप जुळवून देणाऱ्याला, नेमकं काय विचारू?

जुना_पाना
ट्यूनर नंतर, आधी गळती शोधा. स्लिप-ऑनच्या जॉइंटमधून हवा शिरत असेल तर थ्रॉटल सोडल्यावर बाहेरचा ऑक्सिजन आत ओढला जातो आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. ही फटफट कुठल्याही मॅपने पूर्ण जात नाही. हेडजवळच्या जॉइंटला गळती असेल तर आणखी वाईट: ओटू सेन्सरला (पाइपातला ऑक्सिजन मोजणारा) जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, मिश्रण लीन आहे असं समजून ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो.

तपासायला इंजिन थंड हवं. सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावा, गाडी सुरू करा आणि दोघांनी मिळून दोन्ही सायलेन्सरची तोंडं जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबा. बुडबुडे आले तिथलं गॅस्केट बदला, जुनं परत बसवू नका.

शिवाय या इंजिनला थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) दोन आहेत. त्यांचं सिंक (दोन्हींतून सारखी हवा जाणं) बिघडलं की कमी थ्रॉटलला अगदी तुम्ही लिहिलेत तसेच हिसके बसतात. व्हॅक्यूम गेज लावून सिंक करा, पण त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) जुळवा. उलट क्रमाने केलंत तर काम दोनदा.

लॅम्डा_दीड
पानादादांचं सगळं झाल्यावरही हिसके राहिले तर पुढे वाचा.

स्थिर थ्रॉटलला स्टॉक ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये असतो, म्हणजे ओटू सेन्सर बघून पेट्रोल सतत दुरुस्त करतो. तो सेन्सर नॅरोबँड (फक्त लीन की रिच एवढंच सांगणारा), ०.४५ व्होल्टच्या वर-खाली झोके घेतो आणि ईसीयू मिश्रण लॅम्डा १ च्या (हवा-पेट्रोलचा नेमका समतोल) आसपास ठेवतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू आधीच लिहिलेल्या टेबलवर (तक्त्यावर) चालतो, आणि ते टेबल स्टॉक फिल्टर-सायलेन्सरसाठी लिहिलेलं आहे. म्हणून पहिला प्रश्न: "क्लोज्ड लूपचं काय करता?" पिगीबॅक नुसतंच इंजेक्टरचा पल्स वाढवत असेल तर क्रूझिंगला ईसीयू तेवढंच पेट्रोल काढून घेतो. पैसे पाण्यात. उत्तर गोल-गोल आलं तर तिथून निघा.

दुसरा प्रश्न: डायनो कुठला? नुसत्या इनर्शिया डायनोवर (जड रोलर, ब्रेक नाही) फक्त पूर्ण थ्रॉटलचे पुल, म्हणजे आरपीएम चढवत नेलेल्या चाचण्या, निघतात. तुमचा त्रास २० टक्के थ्रॉटलच्या आसपास आहे. तिथला मॅप करायला आरपीएम जागेवर धरून ठेवणारा, एडी करंट ब्रेकवाला डायनो लागतो.

तिसरा: वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर) कुठे लावता? प्रत्येक सिलिंडरच्या पाइपात, हेडच्या जवळ हवा. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून कमी आरपीएमचं रीडिंग घेणं म्हणजे बाहेरची हवा मोजणं.

लॅम्डामध्ये बोलणारा ट्यूनर बरा. शुद्ध पेट्रोलचा समतोल एका भागाला १४.७ भाग हवेला (वजनाने), ई२० चा (२० टक्के इथेनॉल) साधारण १३.५ ला. नुसतं "१३ वर सेट केलंय" याला अर्थ नाही. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ ते ०.९० हे या एअर-ऑइल कूल्ड इंजिनाला सुरक्षित.

टॉर्क_नाना
थोडा विरोध नोंदवतो. स्टॉक फिल्टर परत बसवून शंभर किलोमीटर चालवून बघा ना. हिसके गेले तर ट्यूनच नको, फिल्टर विका.

आणि ट्यून केलंच तर आकड्यांना भुलू नका. कंपनीचे ४७ बीएचपी क्रँकवरचे (इंजिनावरच मोजलेले) आहेत, चाकावर १०-१५ टक्के कमीच दिसणार. आधी आणि नंतरचा ग्राफ त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच करेक्शनने (हवामानाचा फरक काढणारं गणित) काढून घ्या. एसटीडी आणि एसएई असे त्याचे दोन प्रकार; एसटीडी एसएईपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं. "आधी" एसएईत आणि "नंतर" एसटीडीत दाखवला की फुकटात पावर वाढली! दोन पुलांमध्ये पंखा लावून ऑइल टेम्परेचर उतरू देतात का, हेही उभं राहून बघा.

कुरियर फ्लॅशमध्ये मूळ फाइलचा बॅकअप हातात मिळणार का, आणि ईसीयू लॉक करून देणार का, हे लेखी विचारा. लॉक असला तर उद्या दुसरा ट्यूनर हात लावणार नाही. वॉरंटीचं काय ते स्वतः ठरवा. आवाजाचं चलान मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. ते मॅपने कमी होत नाही.

ताम्हिणी_ट्विन
डाव्या स्लिप-ऑनच्या जॉइंटला बुडबुडे आले. गॅस्केट बदललं, फटफट निम्मी झाली, हिसके तसेच. डायनोवाल्याला विचारलं: डायनो एडी करंट, पण वाइडबँड एकच, आणि तोही सायलेन्सरच्या तोंडात.

लॅम्डा_दीड
डायनो चांगला आहे, तो सोडू नका. दोन्ही हेडर पाइपांवर एम१८ × १.५ चे बंग (सेन्सर बसवायच्या आट्याच्या कड्या) वेल्ड करून घ्या, तोंड वरच्या अर्ध्यात, म्हणजे सेन्सरवर पाणी साचत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयूचा कनेक्टर काढा. एकाच वाइडबँडने डावं-उजवं आलटून पालटून मोजता येतं, वेळ दुप्पट लागतो एवढंच. आणि सिंक झाल्याशिवाय गाडी त्यांच्याकडे नेऊ नका, नाहीतर बिघडलेल्या सिंकवरच मॅप लिहिला जाईल.