मदत हवी आहे : दोन शनिवार पक्के, मधले दिवस रिकामे

एकसूर
नमस्कार मंडळी. स्वतःची गाणी लिहितो, गातो. लेबल नाही, मॅनेजर नाही. पहिलाच दौरा आखतोय. लागोपाठचे दोन शनिवार पक्के आहेत, मधले सहा दिवस मोकळे. वाटेतल्या गावांत बऱ्याच जागांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. पहिल्या शनिवारवाले म्हणतात, दारावरच्या तिकीटविक्रीचे ७० टक्के घ्या नाहीतर ठरीव मानधन घ्या. कुठलं घेऊ? मधले दिवस कसे भरू? परवापर्यंत कळवायचंय. 'आधी अल्बम काढा' हा सल्ला नको.

केबलवाला
एकटे आहात की बँड? साउंड कुणाचा? हॉलमध्ये माणसं मावतात किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र परवापर्यंत हवंय.
७० टक्के कशाचे, ते आधी विचारा. सगळ्या गल्ल्याचे, की साउंडवाला, जाहिरात, तिकीटवाल्यांचं कमिशन वजा जाऊन जे उरेल त्याचे? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मंद्र
ठरीव घ्या. विषय संपला.

बाराखडी
@मंद्र, असा कसा संपला? ठरीव रकमेला एका तिकिटातल्या तुमच्या वाट्याने भागा. जो आकडा येईल तेवढी माणसं आली की दोन्ही पर्याय सारखेच. त्याहून जास्त येणार असतील तर टक्के. त्या गावात तुम्हाला ऐकतं कोण, हे 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मध्ये शहरवार दिसतं, तिथे बघा. आणि 'मानधन किंवा टक्के, जे जास्त भरेल ते' असाही करार असतो, मागून तर बघा.

मंद्र
पहिल्या दौऱ्यात 'जे जास्त ते' कोण देतं हो? आणि ऑनलाइन ऐकणारा तिकीट काढून येतोच असं नाही. पेट्रोल मात्र दर वेळी लागतं.

एकसूर
तिघे आहोत. मी गिटार आणि गायन, शिवाय बास आणि ड्रम. ड्रमकिट तिथलंच. माणसं येतील हो, तो प्रश्नच नाही. मेलचं सांगा.

केबलवाला
मेलच्या विषयात काय लिहिलं होतंत?

एकसूर
'एक विनंती'. का?

बाराखडी
😀 विषयात तारीख, वार आणि 'तिघांचा बँड' एवढं टाका. आत लाइव्ह वाजवतानाचा एकच व्हिडिओ आणि आधी कुठे किती माणसं आली होती ते. जागा चालवणाऱ्याला तुमचं चरित्र नको असतं, मंगळवारी खुर्च्या भरतील का एवढंच हवं असतं. सोम-मंगळ मोठ्या हॉलच्या मागे लागू नका. कुणाच्या घरी, दिवाणखान्यात बैठक करा.

मंद्र
दिवाणखान्यात ड्रमर काय करणार, टाळ्या वाजवणार?

बाराखडी
कहॉन वाजवेल, म्हणजे बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी. नाहीतर एकच छोटा ड्रम (स्नेअर) आणि काठ्यांऐवजी ब्रश.

जुनाजाणता
पक्क्या शनिवारांच्या करारात 'अमुक अंतरात, अमुक दिवस दुसरा कार्यक्रम करायचा नाही' असं कलम आहे का ते बघा. मोठ्या हॉलवाल्यांचं बहुधा असतंच. मग जवळच्या गावातली बैठकसुद्धा अंगाशी येते.

रिकामटेकडा
तुम्ही सगळे पैशांचंच बोलताय. कानांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली आहे. आपण ड्रमच्या शेजारी उभे. वायरलेस इन-इअर मॉनिटर, म्हणजे वाजवताना स्वतःचा आवाज ऐकायचे कानातले इअरफोन, घ्याच. मी कुठला वापरतो ते सविस्तर लिहितो.

मंद्र
त्याने विचारलंय का?

केबलवाला
घेतलात तरी जपून. वायरलेसला मोकळ्या ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळ्या असतात.

एकसूर
बरं आठवलं, दुसरा शनिवार सीमेपलीकडे आहे. त्याने काही फरक पडतो का?

केबलवाला
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं की! दोन्ही देश एकाच सीमाशुल्क संघात असतील तर सामानाचा प्रश्न नाही. नसतील, पण दोघेही एटीए कार्नेट (सामान सीमाशुल्क न भरता तात्पुरतं नेऊन परत आणायचा कागद) मानत असतील, तर ते काढा. तुमच्याकडचं चेंबर ऑफ कॉमर्स देतं, मुदत फार तर एक वर्ष. गिटार, पेडल, अँप, सगळ्यांची यादी सिरियल नंबरसकट. अनामत किंवा हमी द्यावी लागते. जेवढं नेलं तेवढं परत आलं पाहिजे, म्हणून विकायचे टी-शर्ट त्यात बसत नाहीत, ते वेगळे दाखवायचे. आणि तिघांना तिथे पैसे घेऊन वाजवायची परवानगी लागते का, हे सामानाच्याही आधी विचारा. ती मिळायला वेळ लागतो.

मंद्र
म्हणजे परवाची घाई भलत्याच शनिवारची होती.

जुनाजाणता
त्या बाजूला बोलावणाऱ्यांनाच परवानगीचं विचारा. त्यांच्याकडे बाहेरचे कलाकार येत असतील तर त्यांना ठाऊक असतं. फोनवर नको, लेखी घ्या.

एकसूर
विचारतो. पहिल्या शनिवारवाल्यांचं कळलं, ७० टक्के साउंडवाल्याचे पैसे वजा जाऊन. ठरीव घेतोय. पण माझी गिटार एका कारागिराकडून बनवून घेतलेली आहे, तिच्यावर नंबरच नाही. यादीत काय लिहू?

केबलवाला
बनवणाऱ्याचं नाव, लाकूड, रंग, एखादी ठळक खूण. सोबत फोटो ठेवा. एवढ्यावर चालेल का ते यादी देतानाच चेंबरला विचारा.

रिकामटेकडा
इन-इअरचं लिहिलंय, खाली बघा.