पेढ्यांच्या दुकानाच्या नावावर पुण्याहून वकिलाची नोटीस आलीय. नाव गेलंच का?

सातारची_सून

साताऱ्यात राजवाड्याच्या अंगाला आमचं कंदी पेढ्यांचं छोटं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. पाटीवर आधी आडनाव होतं, पण समोरच्या झाडावरून गिऱ्हाइकांनीच एक नाव पाडलं आणि पुढे तेच खोक्यावर आलं. (नाव इथं देत नाही.)

गेल्या आठवड्यात स्पीड पोस्टानं पुण्याच्या वकिलाची नोटीस आली. ते नाव त्यांच्या अशिलाचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे म्हणे. 15 दिवसांत पाटी उतरवा, शिल्लक खोकी नष्ट करा, सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवा, नाहीतर 5 लाख नुकसानभरपाई. सासरे म्हणतात, उत्तरच द्यायचं नाही. नवरा म्हणतो, सही करू आणि मोकळं होऊ. इकडे दिवाळीची खोकी छापायला टाकायचीत. आम्ही नोंदणी कधीच केली नाही. काय करावं?

हिशेबनीस

ताई, कोर्टकचेरीत पडू नका. नाव थोडं बदला, एखादा शब्द पुढेमागे करा. छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये आहे. नवीन नाव नोंदवा आणि पेढे विका.

कृष्णाकाठची_वकील

ताई, मी सांगलीत ट्रेडमार्कचंच काम करते. आधी एवढं करा: हमीपत्रावर सही करू नका. त्यात बहुतेक वेळा "नाव समोरच्याचंच आहे हे आम्हाला मान्य आहे" असं वाक्य असतं. एकदा सही झाली की पुढच्या प्रत्येक कोर्टात तेच तुमच्यापुढे धरलं जातं. आणि सासऱ्यांना सांगा, गप्प बसूनही चालणार नाही. 15 दिवस ही मुदत कायद्यातली नाही, वकिलानं घातलेली आहे, पण उत्तर लेखी आणि वेळेत गेलेलं बरं.

हिशेबनीस दादांचा सल्ला चांगल्या मनानं दिलाय, पण मला तो पटत नाही. दोन पिढ्यांनी कमावलेलं नाव 4,500 रुपयांत दुसरं मिळत नाही. शिवाय मूळ नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलं तर भांडण तसंच राहतं आणि जुन्या वापराचा तुमचा हक्क मात्र हातचा जातो.

नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, ही समजूत मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 बघा. समोरच्याच्या वापराची तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोहोंत जी आधीची, तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल तर नोंदणीच्या जोरावर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथं 2015 मध्ये हेच ठरलं, की आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. तेही मिठाईचंच दुकान, आणि झगडा नावाचाच.

पण "सलग" आणि "आधीपासून" हे दोन्ही कागदावर दिसावं लागतं, आणि माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे. लोकांना वाटतं वकील म्हणजे कोर्टात भाषण. माझे दिवस जातात माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावण्यात. खोकी छापणाऱ्या छापखान्याची बिलं (खोक्यावरचं नाव बिलात लिहिलेलं असेल तर उत्तमच), जुनं शॉप ॲक्ट लायसन्स, अन्न परवाना, विक्रीकराची कागदं, एखाद्या स्मरणिकेतली किंवा दिवाळी अंकातली जाहिरात, लग्नाच्या ऑर्डरची वही. दर चार-पाच वर्षांचा एक तरी कागद हवा, म्हणजे मध्ये खंड दिसत नाही. धंदा आजेसासऱ्यांकडून तुमच्यापर्यंत कसा आला त्याचाही कागद लागतो: वाटणीपत्र, भागीदारीपत्र, काही असेल ते. घरातल्या दुसऱ्या कुणी तेच नाव घेऊन वेगळं दुकान टाकलंय का, तेही खरंखरं सांगा. चुलत्यांची दुकानं निघतात आणि तिथं केस अडते.

आता समोरच्याचं बघू. नोटिशीत अर्ज क्रमांक असेल. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो टाका, फुकट दिसतं. दोन गोष्टी तपासा. एक, शेरा खरंच "रजिस्टर्ड" आहे का? नुसता अर्ज टाकून "रजिस्टर्ड" म्हणत नोटीस पाठवणारे मी पाहिलेत. दुसरं, वापर कधीपासून त्या रकान्यात काय लिहिलंय? तिथं "प्रपोज्ड टू बी यूज्ड" (म्हणजे पुढे वापरायचा विचार आहे) असेल तर अर्जाच्या दिवशी आपण हे नाव अजून वापरत नव्हतो, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय.

तासगावचा_बेदाणेवाला

वकीलताई, यात "सातारी" आणि "कंदी पेढे" हे शब्दही त्यांचे झाले का? आमच्याकडे सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, हळदीलाही आहे. तरी कुणीकुणी म्हणतं "सांगली बेदाणा हा माझा ब्रँड".

कृष्णाकाठची_वकील

नाही दादा. जीआय त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं, एका व्यापाऱ्याचं नव्हे. "कंदी पेढा" तर मालाचं नाव आहे. ते साताऱ्यातल्या प्रत्येक हलवायाचं, कलम 9 मुळे ते एकट्याच्या नावावर चढत नाही. इथं भांडण झाडावरून पडलेल्या त्या नावापुरतंच आहे.

सातारची_सून

मॅडम, बघितलं. शेरा "रजिस्टर्ड" आहे, वर्ग 30 (नोंदणीत मालाचे वर्ग असतात), अर्ज 2019 चा, आणि वापराच्या रकान्यात तुम्ही म्हणालात तेच, "प्रपोज्ड". सासूबाईंनी देवघराच्या फडताळातून पत्र्याचा डबा काढला. त्यात खोक्यांच्या छपाईची बिलं निघाली, सगळ्यात जुनं 1994 चं, त्यावर नाव आहे. कागद पार पिवळा पडलाय. नवरा लॅमिनेट करून आणतो म्हणतोय.

कृष्णाकाठची_वकील

लॅमिनेशन अजिबात नको! कोर्टात मूळ कागद दाखवावा लागतो, त्याची शाई, मागची बाजू, घडी सगळं दिसलं पाहिजे. स्कॅन करा आणि मूळ प्रत कोऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, अर्धी केस त्यांनी उभी केलीय.

आता क्रमानं. सगळ्यात आधी कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात आधीच टाकलेला अर्ज. नोंदणीधारकाला कलम 134 मुळे स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणून कॅव्हेट पुण्यात टाका, साताऱ्यातही टाका. ते 90 दिवस चालतं. नाहीतर ऐन दिवाळीत तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम निघतो, कोर्ट कमिशनर दुकानात येऊन खोकी सील करतो, आणि तुमचं म्हणणं मांडेपर्यंत सण संपलेला असतो. मग नोटिशीला उत्तर: 1994 पासूनचा वापर, कलम 34, मागण्या अमान्य. प्रत्येक बिल उत्तराला जोडू नका, दोन-तीन पुरेत.

त्यानंतर तुमचा स्वतःचा अर्ज, वापराच्या प्रतिज्ञापत्रासह. मिठाई वर्ग 30 मध्ये येते, दुधाचे पदार्थ 29 मध्ये. पेढ्यासाठी मी दोन्ही वर्गांत करते. फी वर्गागणिक, म्हणजे 9,000. 30 मध्ये त्यांच्या नोंदणीमुळे कलम 11 खाली आक्षेप येणारच, म्हणून सोबत कलम 57 खाली त्यांची नोंदणी काढून टाकण्याचा अर्जही करायचा. हे काम लांबतं, आधीच सांगते. तोवर खोक्यावर वर्तुळातला आर (नोंदणी झाल्याची खूण) छापू नका, टीएम (नुसता ट्रेडमार्क असल्याची खूण) चालेल.

आणि हो, दिवाळीची खोकी छापायला टाका, त्याच नावानं. वापर थांबवलात तर "सलग" म्हणायला जागा राहणार नाही. छापखान्याकडून बिल घ्या, नाव आणि तारखेसकट.