मदत हवी आहे : बालवाडीत मोठ्याने वाचायला चित्रपुस्तकं

नमस्कार मंडळी. मी दर शनिवारी वस्तीतल्या बालवाडीत गोष्ट वाचून दाखवते. मुलं ३ ते ५ वर्षांची, पंधरा-वीस जण, सतरंजीवर दाटीवाटीने बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं मोफत मिळतात, त्यातली पहिल्या पातळीची, म्हणजे अगदी सोपी, छापून नेते. ज्योत्स्ना प्रकाशन आणि तूलिकाचीही थोडी आहेत. पण बरीचशी आकाराने लहान. मागच्यांना चित्र दिसत नाही, मग सरकासरकी, चिमटे, रडारड!

मोठ्या आकाराची मराठी पुस्तकं कुणी वापरली आहेत का? पानावर एक-दोनच वाक्यं हवीत, आणि पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ, म्हणजे पोरं माझ्याबरोबर ओरडतात. चित्रात मजकुरात नसलेलं काहीतरी सापडलं तर उत्तमच. कोपऱ्यातलं मांजर हुडकण्यात त्यांची दहा मिनिटं सहज जातात. 'म्हणून मुलांनो' असा शेवट मात्र नको, मोठ्यांनाही कंटाळा येतो त्याचा.

बिनशब्दांची पुस्तकं एवढ्या घोळक्यात चालतात का, की ती दोघा-चौघांतच बरी? बजेट दीड हजारापर्यंत आहे. पुण्यात प्रत्यक्ष चाळून घेता येतील अशी दुकानंही सुचवा.