मदत हवी आहे: चित्रकादंबऱ्या आणि रहस्यकथा सुचवा

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. परवा ‘भीमायन’ (२०११) वाचून संपवलं, पण मन अजून त्यातून निघत नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य चौकटींत कोंडलेलंच नाही, नक्षी पानभर वाहत राहते. जिव्हारी लागणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार! आपल्याच जिल्ह्यात, माणगावला, १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका परिषदेत आले होते. त्यावर असं पुस्तक कुणीतरी काढायलाच हवं.

थ्रिलरही तीन-चार वाचले, पण समाधान नाही. शेवटच्या दहा पानांत नवाच माणूस आणून त्याला खुनी ठरवणं ही वाचकाची फसवणूक आहे.

कवितेत सध्या अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’, रोज एकच कविता. कोलटकर जन्मानं कोल्हापूरचे, पेशानं जाहिरातीतले चित्रकार. त्यांची ओळ आधी डोळ्यांना दिसते ती त्यामुळेच असावी, असं मला वाटतं.

आता मदत हवी ती अशी. भाची नववीत आहे, हातात सतत पेन्सिल. तिला झेपेल अशी, मराठीतच असलेली चित्रकादंबरी कोणती? आणि धागेदोरे आधीपासून वाचकासमोर ठेवणारी एखादी रहस्यकादंबरी माझ्यासाठी. करवीर नगर वाचन मंदिरात कुणी पाहिली असतील तर तेही कळवा, उद्याच जाऊन आणतो.