नवीन गेमिंग लॅपटॉप मधेच १०-१५ सेकंद हँग होतोय, प्लीज मदत करा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, सहा दिवसांपूर्वी सांगलीतल्या दुकानातून गेमिंग लॅपटॉप घेतला, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (स्टोरेज), विंडोज ११. बाबांनी हप्त्यावर घेऊन दिलाय त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. होतं असं की मधेच सगळं थांबतं, १०-१५ सेकंद काहीच होत नाही आणि मग आपोआप चालू होतं, जसं काही झालंच नाही. रीस्टार्ट नाही, निळी स्क्रीन नाही. दिवसातून चार-पाच वेळा. विंडोज अपडेट केलं, ग्राफिक्स ड्रायव्हर नवीन टाकला, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून बघ. मारू का?

रात्रपाळी:
गरम होत असेल भावा, मागून पुस्तक लावून उंच कर आणि टेंपरेचर बघ. माझ्याकडे ९५ च्या वर गेलं की गेम अडकायची.

सोल्डरगन:
फॉरमॅट अजिबात नको, आत्ता तरी नको. सगळ्या नोंदी पुसल्या जातील आणि कारण कळणारच नाही. गरम झाल्यावर प्रोसेसर आपला वेग कमी करतो, त्यामुळे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) पडतात आणि पडलेलेच राहतात, असं पूर्ण थांबून परत नीट चालू होणं सहसा उष्णतेचं लक्षण नाही. मला दोन गोष्टी सांग. थांबतं तेव्हा माउसचा बाण हलतो का, आणि गाणं लावलेलं असेल तर ते चालू राहतं की घर्रर्र आवाज येतो? बाण पण अडकला आणि आवाज फाटला तर ड्रायव्हरवर संशय, मग लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं चालवून ठेव, त्यात एनडीआयएस (विंडोजचा नेटवर्कचा भाग) यादीत सगळ्यात वर आलं तर आधी वायफाय ड्रायव्हर बघायचा. बाण हलतोय पण क्लिक घेत नाही असं असेल तर माझं लक्ष एसएसडीकडे जाईल.
आणि दुसरं, हे गेममध्ये जास्त होतं की नुसतं बसलेलं असताना?

कृष्णाकाठ:
दादा बाण हलतो! गाणं पण चालू असतं. आणि तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं, गेममध्ये जवळजवळ होतच नाही, पीडीएफ वाचत बसलो असेन आणि मग काही उघडायला गेलो की होतं.

सोल्डरगन:
मग बरंचसं कळलं. काम नसलं की एसएसडी वीज वाचवायला झोपते आणि काही ड्राइव्ह त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. विंडोज थोडा वेळ वाट बघतं, उत्तर नाही आलं की ड्राइव्हला रीसेट करतं, आणि तेवढा वेळ तुझं सगळं थांबतं. अंदाजावर जाऊ नकोस, खात्री कर. पुढच्या वेळी अडकलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेव, मग स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. त्याच वेळेला स्टॉरएनव्हीएमई (stornvme, विंडोजचा एसएसडी ड्रायव्हर) नावाने इव्हेंट १२९ दिसतोय का बघ, त्यात रीसेट टू डिव्हाइस असं लिहिलेलं असतं.

कृष्णाकाठ:
काल तीनदा झालं, तिन्ही वेळा १२९ आहे!! मिनिटासकट जुळतंय. आता काय करू?

सोल्डरगन:
कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पीसीआय एक्सप्रेस, तिथे लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट (ही वीज वाचवायची सेटिंग) ऑफ कर. काही नवीन लॅपटॉपमध्ये तो पर्याय लपवलेला असतो, नाही दिसला तर सांग. बॅटरी थोडी लवकर उतरेल. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलचं नवीन बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) आलंय का बघ, पण फर्मवेअर टाकायच्या आधी बॅकअप घेच.

पावतीसांभाळा:
हे सगळं करताना दिवस मोजत राहा. बदलून द्यायची मुदत बऱ्याचदा फक्त ७ किंवा १० दिवस असते. बिलावर काय लिहिलंय ते आजच वाचा, हँग होतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्या १२९ च्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढा आणि दुकानदाराला नुसता फोन नको, ईमेल करा म्हणजे तारीख राहते. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतात. नव्या वस्तूत सेटिंग बदलून दोष झाकला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ:
पर्याय दिसला, ऑफ केला. दीड दिवस एकदाही अडकला नाही आणि मग आज कॉलेजात परत झालं, घाबरलोच. घरी येऊन बघतो तर मी फक्त प्लग्ड इनचं बदललं होतं, ऑन बॅटरीचं तसंच होतं. आता दोन्ही ऑफ केलीत. दुकानदाराला स्क्रीनशॉटसकट ईमेल केलाय, सोमवारी एसएसडी तपासायला घेऊन ये म्हणाला. तोवर प्रोजेक्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकतोय.