मदत हवी आहे: १,७६,६३,१९,०४९ च्या अवयवांत १५२३ कुठून आला?

नमस्कार मंडळी,

मी चाळीसगाव तालुक्यात नववी-दहावीला गणित शिकवतो. पाटणादेवीच्या सहलीत दरवर्षी पाटणच्या शिलालेखाबद्दल सांगणं होतंच: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला मठ, शके ११२८. यंदा मुलांपुढे भास्कराचार्यांचं एक खरंखुरं गणितच ठेवायचं आहे.

एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवा. ६१ च्या जागी ६० असेल तर ४ आणि ३१ वर भागतं, ६२ ला ८ आणि ६३. पण ६१ ला सर्वांत लहान उत्तरच २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९! भास्कराचार्यांनी ते ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने (जवळपासच्या जोडीपासून सुरू करून तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत उत्तरापर्यंत जायचं) काढलं. फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना ६१ चंच कोडं घातलं ते १६५७ साली.

यातल्या मोठ्या संख्येतून १ वजा केला तर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट येते, १ मिळवला तर ३८०५ च्या वर्गाची १२२ पट. इथवर मुलं मजेत येतात. मग त्याच मोठ्या संख्येचे अवयव पाडायला घेतो. ११ ची कसोटीही फळ्यावर झकास उतरते, एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा २३. मग ५९ ने भाग जातो आणि उरतात २७,२१,६०१. इथे गाडी अडते. मूळसंख्या एकेक करून तपासत गेलं तर भाग जातो तो थेट १५२३ ला, दुसरा अवयव १७८७.

आता १५२३ म्हणजे ३९ चा वर्ग अधिक २. आणि ६१ च्या चक्रवालात ३९ व ५ ही जोडी येतेच, कारण ३९ चा वर्ग ६१ × २५ पेक्षा ४ ने कमी आहे. हा योगायोग नसावा. दहावीच्या बीजगणितात बसेल असं कारण कुणी सांगेल का? अवयव संगणकावर पाडता येतात, मला मुलांना कारण दाखवायचं आहे.

प्रतिसाद:

सर, योगायोग नाहीच. ३९ आणि ५ ची स्वतःशीच भावना करा, म्हणजे ३९ + ५√६१ चा वर्ग करून त्याचा निम्मा घ्या. १५२१ + १५२५ चे निम्मे १५२३, आणि ३९ × ५ = १९५. पडताळून पाहा, १५२३² = ६१ × १९५² + ४.

आता क = १५२३ आणि ख = १९५ धरून (क + ख√६१)/२ चा घन करा. तुमचं उत्तर तिथेच आहे. √६१ नसलेला भाग येतो (क³ + ३क × ६१ख²)/८. त्यात ६१ख² च्या जागी क² − ४ घातलं की उरतं क(क² − ३)/२. म्हणजे क अवयव असणारच! क² − ३ = २३,१९,५२६. त्याचे निम्मे ११,५९,७६३, आणि ते ११ × ५९ × १७८७.

वर्गात सुरुवात ३९ आणि ५ पासून करा. मग १५२३ शोधत बसावं लागणार नाही, ११ आणि ५९ ने भागून झालं की १७८७ हातात येतो.