वेल्समधली सरकारी चर्च आणि ‘दहा लाख पौंडांची लूट’: एका लेखाला उत्तर

मोडीवाचक:
परवा इथे ‘दहा लाख पौंडांची लूट’ नावाचा लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वॉटर्लूची लढाई जिंकल्यावर ब्रिटिश सरकारने १८१८ साली दहा लाख पौंड काढले, वेल्समध्ये गावोगाव अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या सरकारी पंथाची) चर्च उठवली आणि चॅपलला, म्हणजे सरकारी चर्च न मानणाऱ्यांच्या प्रार्थनागृहात, जाणाऱ्या वेल्श खाणकामगाराच्या खिशातून ती रक्कम वसूल केली. लेखकाचा राग खरा आहे, पण तो भलत्याच कागदावर काढलाय. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पैसा. १८१८ च्या कायद्याने दहा लाख मिळाले. १८२४ मध्ये आणखी पाच लाख आले, कारण ऑस्ट्रियाने जुन्या कर्जापोटी काही रक्कम परत केली. हा पैसा वाटणारा चर्च बांधणी आयोग १८५६ पर्यंत चालला आणि इंग्लंड-वेल्स मिळून सहाशेहून जास्त चर्चना त्याने हात दिला. त्यातला मोठा वाटा लंडन, लँकेशर आणि यॉर्कशरने नेला. याचं कारण कायद्याच्या अटीतच आहे: पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची) वस्ती ४,००० च्या वर हवी आणि असलेल्या चर्चमध्ये त्यातल्या चौथ्या हिश्श्यालाही बसायला जागा नको. नाहीतर चर्चपासून चार मैलांच्या पलीकडे हजारभर माणसं राहत असली पाहिजेत. वेल्सच्या डोंगराळ पॅरिशमध्ये काहीशे माणसं शेत-शेत सोडून विखुरलेली. गर्दी नाही, म्हणून पहिली अट नाही. हजार माणसं नाहीत, म्हणून दुसरीही नाही. ‘गावोगाव’ कुठून आलं?

पैसा पोचला तो कोळसा, लोखंड आणि बंदरांच्या वस्तीत. फ्लिंटशरमधलं बकलीचं सेंट मॅथ्यू पहिल्या अनुदानातलं, १८२२ चं. दुसऱ्या अनुदानापासून आयोग बहुतेक ठिकाणी फक्त भर घालत होता. कार्डिफच्या ब्यूट स्ट्रीटवरचं सेंट मेरी (१८४० ते ४३) घ्या. आयोगाचे १,६६१ पौंड, बाकी तिथलं जमीनदार ब्यूट घराणं आणि वर्गणी. त्या वर्गणीसाठी कवी वर्ड्सवर्थने सुनीत लिहिलं होतं.

खाणकामगाराला खरा चटका बसला तो चर्चपट्टीचा, म्हणजे चर्चच्या देखभालीसाठी सगळ्या रहिवाशांवर बसणाऱ्या कराचा. अनुदान एकदाच मिळतं, गळकं छप्पर दरवर्षी असतं. १८१८ च्या कायद्याने नव्या चर्चची डागडुजी त्या भागाच्या रहिवाशांवर टाकली आणि वर पहिली वीस वर्षं जुन्या मातृचर्चची पट्टीही त्यांच्याकडूनच घ्यायची सोय ठेवली. एका माणसाला दोन चर्चची पट्टी, आणि तो रविवारी जातो तिसरीकडे! लूट म्हणायची तर हिला म्हणा.

उलटतपासणी:
तो लेख माझाच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

मोडीवाचकांनी सरकारी तिजोरीची एकच खिडकी मोजली आणि हिशेब संपवला. दुसरी खिडकी: क्वीन अ‍ॅन्स बाउंटी या अँग्लिकन पाळकांच्या निधीला १८०९ ते १८२० या काळात संसदेने अकरा वेळा प्रत्येकी एक लाख पौंड दिले. म्हणजे अकरा लाख, आयोगाच्या पहिल्या रकमेपेक्षा जास्त. तिसरी खिडकी: आयोगाच्या चर्चसाठी लागणाऱ्या बांधकाम साहित्यावरचा कर परत मिळायचा. विटांवरचा कर १८५० पर्यंत होता. शेजारी चॅपल बांधणारा कोळसेवाला त्याच भट्टीतून वीट घेई आणि कर पूर्ण भरी. ती सूट अनुदान नाही तर काय आहे?

आणि ‘फक्त भर घातली’ हा युक्तिवाद तर उलटा फिरतो. सरकारने थोडे टाकून जमीनदाराचे बरेच बाहेर काढले आणि उभं राहिलेलं चर्च कायद्याने सगळ्या वस्तीच्या गळ्यात बांधलं. रक्कम जितकी लहान, तितका हा सौदा वाईट.

मोडीवाचक:
करपरतावा माझ्याकडून राहिला, मान्य. बाउंटीचे पैसे मात्र गरीब पाळकांचं उत्पन्न वाढवायला होते. बांधणीच्या हिशेबात ते घुसडू नका. आणि सरकारी पैसा अँग्लिकनांनाच मिळाला हेही खरं नाही. रेजियम डोनम या नावाने डिसेंटर (सरकारी चर्चबाहेरच्या, चॅपलवाल्या) पाळकांनाही १७२३ पासून वार्षिक मदत होती.

उलटतपासणी:
ती १८५१ मध्ये का बंद झाली तेही लिहा की! डिसेंटरांनीच ‘आम्हाला राज्याचा पैसा नको’ म्हणून लावून धरलं. डिसेंटरांनी मिळणारे सोडले, सरकारी चर्चने पट्टीही सोडली नाही. या दोघांना एका तागडीत घालायला तुमचं मन कसं धजतं?

चुनखडी:
तुम्ही दोघे ‘डागडुजी’ हा शब्द नुसता फेकताय. इतका खर्च का येई ते कुणीच सांगत नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

या चर्चचा हिशेब ‘एका बसायच्या जागेला किती’ असा होई. मग नकाशा ठरलेला: लांबट चौकोनी पेटी, वेदीसाठी जेमतेम खोली, तीन बाजूंना लाकडी गॅलऱ्या, त्यांना बारीक बीडाचे खांब. दगडी कमान परवडत नाही म्हणून लाकडी पट्ट्यांवर गिलावा करून कमानीचा भास. छप्पर कमी उताराचं, स्लेटचं, आणि ते दिसू नये म्हणून भिंतीवर कठडा. गोम त्या कठड्यात आहे. पावसाचं पाणी वळचणीवरून सरळ खाली पडत नाही, कठड्यामागच्या शिशाच्या पन्हळीत उतरतं. कोळशाच्या वस्तीत काजळी आणि पालापाचोळा मिळून पन्हळ तुंबते. तुंबलं की पाणी भिंतीच्या माथ्यात जिरतं, आणि छपराच्या कैचीची टोकं नेमकी तिथेच भिंतीत गाडलेली. लाकूड आतून कुजतं, खालून काही दिसत नाही. कळतं ते गिलाव्याला पिवळा डाग येऊन तो पापुद्र्यासारखा सुटल्यावर. तोवर कैची बदलायची वेळ आलेली असते. खाली जुनं खोदकाम असेल तर जमीन खचून भिंतीला तडे, ते वेगळेच.

पन्हळ वर्षातून दोनदा साफ केली तर खर्च किरकोळ. पण त्यासाठी व्हेस्ट्री सभेत, म्हणजे पॅरिशच्या रहिवाशांच्या सभेत, पट्टी मंजूर करावी लागे. चर्चचा कारभारी वॉर्डन अंदाजपत्रक मांडणार, पौंडाला इतके पेन्स म्हणून ठराव येणार, चॅपलवाले बहुमताने तो पाडणार. एसेक्समधल्या ब्रेन्ट्रीच्या खटल्यात १८५३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगून टाकलं की अल्पमताने पट्टी बसवता येत नाही. मग पन्हळ तुंबलेलीच. १८६८ मध्ये ग्लॅडस्टनच्या कायद्याने सक्ती गेली.

स्कॉटलंडशी ताडून पाहा. तिथे हायलँड्ससाठी १८२३ च्या कायद्याने ५० हजार पौंड दिले. चर्च आणि पाळकाचं घर मिळून १,५०० पौंडांची मर्यादा, टेलफर्ड या इंजिनियरच्या देखरेखीखाली एकच साधा नमुना, ३२ चर्च. विखुरलेल्या वस्तीसाठी असं करता येतं हे सरकारला ठाऊक होतं. वेल्सच्या डोंगरांसाठी केलं नाही.

शब्दवेल्हाळ:
छप्पर राहू द्या, आत कोणत्या भाषेत बोलत होते ते बघा! अख्ख्या धाग्यात भाषेचं नाव नाही.

अँगलसीच्या ट्रेव्हड्राइथला १७६६ मध्ये डॉ. बोल्स नावाचा रेक्टर (पॅरिशचा मुख्य पाळक) नेमला. त्याला वेल्श येत नव्हतं, आणि पाचशेच्या आसपास पॅरिशकरांत इंग्रजी कळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक खटला लढले. १७७३ मध्ये न्यायालय म्हणालं, वेल्श येणं आवश्यक आहे. पण नेमणूक झालीच आहे, तर ती काढता येत नाही. निकाल लोकांच्या बाजूने, रेक्टर जागच्या जागी. बिशपांचं तेच. दीडशेहून जास्त वर्षांनी मातृभाषा वेल्श असलेला बिशप बसला तो १८७० साली, सेंट आसफला जोशुआ ह्यूज. म्हणजे आयोगाच्या सबंध काळात वरच्या खुर्चीत घरी वेल्श बोलून वाढलेला कुणी नाही. अशा चर्चला सोन्याची पन्हळ लावली असती तरी कोण गेलं असतं?

मोडीवाचक:
बकलीला हे लागू नाही. तिथली कुंभारकामाची आणि कोळशाची वस्ती इंग्रजी बोलणारीच होती. आणि १८३८ च्या कायद्याने वेल्श न येणाऱ्याची नेमणूक नाकारायचा अधिकार बिशपांना मिळाला, तोही सांगा.

शब्दवेल्हाळ:
ज्या बिशपला स्वतःला वेल्श येत नाही तो उमेदवाराची परीक्षा कशी घेणार? आणि बकली एक झालं. मर्थर टिडव्हिलचं काय? १८०१ ला साडेसात हजारांच्या वर, १८५१ ला शेहेचाळीस हजारांच्या वर, वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव, आणि लोखंडाच्या भट्टीवर बोली वेल्श. अशा ठिकाणी एकाच पाळकाने सकाळी इंग्रजी, संध्याकाळी वेल्श करायचं ठरवलं की चांगली वेळ भट्टीमालक आणि कारकुनांना जायची. काही ठिकाणी एकाच उपासनेत दोन्ही भाषा. अर्धा वेळ प्रत्येकजण न कळणारं ऐकत बसलेला. चॅपलमध्ये प्रार्थना, भजन, उपदेश, रविवारची शाळा, सगळं एका भाषेत.

उलटतपासणी:
माझ्या लेखात हे यायला हवं होतं. शब्दवेल्हाळ, आभार. १८४७ चे निळे अहवालही जोडा. वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन इंग्रज वकील पाठवले. तिघेही अँग्लिकन, वेल्श तिघांनाही येत नाही. त्यांनी मागासपणाचं खापर भाषेवर आणि चॅपलवर फोडलं. वेल्श लोक आजही त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात.

मोडीवाचक:
शाळांचे अहवाल आणि चर्चचं अनुदान या दोन वेगळ्या फायली आहेत. तुम्ही पुन्हा तेच करताय: जे जे इंग्रजी ते ते एका पोत्यात!

उलटतपासणी:
आणि तुम्ही माणसांचं एकच दुखणं सहा फायलींत वाटून प्रत्येक फाईल ‘किरकोळ’ म्हणून बंद करताय. कारकुनी आहे ही.

कुलाबकर:
वेल्सच्या पट्टीवर एवढं भांडता, आपल्या पट्टीचं कोण बोलणार? १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईचं बिशपपद मंजूर झालं, १८३७ मध्ये थॉमस कार बसले. पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. तो महसूल मुख्यतः शेतसारा. ज्याने चर्चचा उंबरा कधी पाहिला नाही त्या आपल्या कुणब्याचा पैसा तो! इथल्या चर्चचं राज्याशी नातं कायद्याने तुटलं कधी? इंडियन चर्च ॲक्ट १९२७ चा, अंमल १९३० पासून. वेल्स आपल्या दहा वर्षं आधी सुटलं.

चुनखडी:
कुलाबकर, मुद्दा वजनदार आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे त्याला चार ओळींत न्याय मिळणार नाही.

मोडीवाचक:
आता आकड्यांचं. लेखात ‘ऐंशी टक्के वेल्श चॅपलवाले’ हे वाक्य ठोकून दिलंय. ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेत त्या रविवारच्या उपस्थित्या मोजल्या, माणसं नाहीत. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चॅपलला गेलेला एकच माणूस तीनदा मोजला गेला. चॅपलची संध्याकाळ भरगच्च असे, चर्चची सकाळ. आणि त्या दिवशी कुठेच न गेलेले तर हिशेबातच नाहीत.

उलटतपासणी:
ठीक. ‘वेल्श लोकांपैकी’ऐवजी ‘उपासनेला आलेल्यांपैकी’ असं दुरुस्त करतो. दुबार मोजणी कितीही वजा करा, चॅपलची आघाडी पुसली जात नाही. मग ज्यांचं चर्च रिकामं त्यांच्या छपराची पट्टी भरलेल्या चॅपलने का द्यायची?

मोडीवाचक:
ती द्यायला नको होती, हे मी पहिल्याच उत्तरात लिहिलंय. एवढंच, की चॅपलमध्येही बाकभाडं होतं. आयोगाच्या चर्चमध्ये निदान पाचवा हिस्सा जागा फुकट ठेवायची कायद्याची अट होती.

शब्दवेल्हाळ:
चॅपलचं भाडं जो बसतो तो देतो. नको असेल तर उठून जातो. पट्टी न बसणाऱ्याने द्यायची आणि नाही दिली तर घरातलं सामान जप्त. पुढे दशांशाचं, म्हणजे चर्चला द्यायच्या शेतीच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचं, तेच झालं. १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख ठरली, गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर. १८८० च्या दशकात भाव कोसळले, पण सरासरीत जुनी चढी वर्षं होतीच. शेतकऱ्याने आजच्या भावाने विकायचं आणि कालच्या भावाने भरायचं. जनावरांचे लिलाव निघाले. १८८७ च्या जूनमध्ये उत्तर वेल्समधल्या मोख्द्रेला पोलीस आणि शेतकरी भिडले, ऐंशीच्या वर जखमी झाले. शेवटी १८९१ च्या कायद्याने भार कुळावरून मालकावर टाकला.

मोडीवाचक:
दशांशाबद्दल माझं वेगळं मत नाही. ‘लूट’ हा शब्द तिथे चालेल, पट्टीलाही चालेल. बकलीच्या अनुदानाला मी तो लावणार नाही.

उलटतपासणी:
नका लावू. पण ‘दहा लाख’ आकडा सोडू नका, तो शेवटी परत येतो. १९१४ च्या वेल्श चर्च कायद्याने चर्च राज्यापासून तोडलं, युद्धामुळे अंमल ३१ मार्च १९२० ला. १६६२ च्या आधीची मालमत्ता काउंटी कौन्सिलं आणि वेल्स विद्यापीठाकडे, नंतरच्या खासगी देणग्या चर्चकडे. पण त्याच्या तोंडावर, १९१९ मध्ये, हा व्यवहार जुळवायला सरकारी तिजोरीने पुन्हा दहा लाख पौंड मोजले.

मोडीवाचक:
हे माझ्या ध्यानात नव्हतं. तुमच्या लेखातला सगळ्यात भक्कम आकडा हाच असता आणि तो तुम्ही लेखात घातला नाही. शीर्षक राहू द्या, खाली १९१९ घाला. ‘गावोगाव’ तेवढं काढा.

उलटतपासणी:
‘गावोगाव’ काढून ‘खाणी, भट्ट्या आणि बंदरांच्या वस्त्यांत’ करतोय. करपरताव्याचा परिच्छेद मात्र वाढवणार आहे.

चुनखडी:
वाढवताना कार्डिफचं सेंट मेरी विसरू नका. रस्ता चर्चच्या पूर्वेला, वेदीही पूर्वेलाच हवी. त्यामुळे ब्यूट स्ट्रीटकडे दोन मनोऱ्यांचा भारदस्त दर्शनी भाग केला, आणि त्यातले दरवाजे नुसते दिखाऊ आहेत. त्यांच्यामागे वेदी. आत जायचं तर वळसा घालावा लागतो.